परक्या पर्वतावरील नित्यकर्म

मायदेश सोडून दूर स्थायिक झालेला एखादा समाज दरवर्षी ठरलेल्या ऋतूत, मुलाबाळांसह, आपल्या नसलेल्या पर्वतावर जातो तेव्हा त्या जाण्याला केवळ सहल म्हणावे की त्यात धर्मकृत्याचा काही अंश मानावा, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. कारण त्याचे उत्तर देण्यापूर्वी पावित्र्य स्थळात वसते की कृतीत, मूळ स्थळ आवाक्याबाहेर असेल तर त्याच्या जागी दुसरे स्थळ चालते का, आणि ते दुसरे स्थळ आधीपासूनच आणखी कुणाचे पूज्यस्थान असेल तर तेथे आलेल्या पाहुण्याचा अधिकार कितपत, या तिन्ही गोष्टींचा निर्णय करावा लागतो. परदेशस्थ स्विस समाजाची वार्षिक हिवाळी पर्वतसहल या विचारासाठी विशेष उपयोगी पडते, कारण या समाजाने डोंगराला आपल्या सामूहिक ओळखीच्या मध्यभागी बसवले आहे आणि देशांतर करताना भाषा, पाककृती, गाणी, पत्त्यांचे डाव असे सर्व काही बरोबर नेता आले तरी डोंगर कोणालाच बरोबर नेता येत नाही.

स्वित्झर्लंडमध्ये जर्मन, फ्रेंच, इटालियन आणि रोमान्श असे चार भाषिक विभाग आहेत, आणि परदेशी राहणाऱ्या नागरिकांना या चारांच्या जोडीला ‘पाचवे स्वित्झर्लंड’ म्हणण्याची रूढी आहे. त्यांची संख्या ८ लाखांहून अधिक असून त्यांच्याशी संबंध राखण्याला उत्तेजन देण्याची जबाबदारी देशाच्या राज्यघटनेचे ४०वे कलम संघराज्यावर टाकते. स्विस पासपोर्टावर जन्मस्थळाऐवजी मूळगाव छापलेले असते. त्यामुळे परदेशात जन्मलेल्या तिसऱ्या पिढीतील मुलीच्या पासपोर्टावरही तिने कदाचित कधीच न पाहिलेल्या, पणजोबांच्या खेड्याचे नाव असते. न्यूझीलंडच्या उत्तर बेटावरील तारानाकी प्रांतात १९व्या शतकाच्या उत्तरार्धापासून असे स्विस लोक येऊन वसले, त्यांनी दूधदुभत्याचा धंदा केला, आणि त्यांची मंडळे आजही तेथे नांदत आहेत. दक्षिण गोलार्धात ऋतू उलटे असल्यामुळे तेथील स्विस माणसाच्या पंचांगाचा एक विलक्षण पेच होतो. १ ऑगस्ट हा स्वित्झर्लंडचा राष्ट्रीय दिवस १२९१ सालच्या सनदेच्या स्मरणार्थ पाळला जातो आणि त्या रात्री उंचवट्यांवर होळीसारखे जाळ पेटवले जातात. मायदेशी तो ऐन उन्हाळ्यातला सण आहे, तर न्यूझीलंडमध्ये तो भर हिवाळ्यात, बर्फाच्या दिवसांत येतो. हिवाळ्यात निघणाऱ्या अशा पर्वतसहलींचे बाह्य रूप सर्वत्र साधारण सारखेच असते: दिवसा थोरांनी लहानांना स्कीवर तोल सांभाळायला शिकवायचे, संध्याकाळी डोंगरातल्या लाकडी निवाऱ्यात बिडाच्या भांड्याभोवती बसायचे, लांब काट्याला टोचलेला पावाचा तुकडा वितळलेल्या चीजमध्ये बुडवून खायचा आणि शेवटी भांड्याच्या तळाशी धरलेली खरपुडी उलथन्याने सोडवून सर्वांना वाटायची. याला धर्मकृत्य कोण म्हणेल, असे कोणालाही वाटेल. तरीही पर्वतावर दरवर्षी जाण्याच्या नेमाचे मूळ शोधत मागे गेले की हा निवाडा डळमळू लागतो.

झुरिकचा निसर्गवेत्ता आणि वैद्य कॉनराड गेस्नर याने १५४१ साली आपला मित्र याकोब फोगेल याला लिहिलेल्या पत्रात एक निश्चय सांगितला आहे: ईश्वर आयुष्य देईल तोवर दरवर्षी काही पर्वत, निदान एक तरी पर्वत चढायचा, वनस्पती बहरात असतील अशा ऋतूत चढायचा, आणि तो वनस्पतींच्या अभ्यासासाठी तसाच शरीराच्या व्यायामासाठी व मनाच्या आनंदासाठी चढायचा. भारतीय धर्मशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर या निश्चयाला व्रताची सर्व अंगे आहेत. त्यात संकल्प आहे, काळ ठरलेला आहे, किमान मर्यादा ठरलेली आहे, आणि तो यावज्जीव, म्हणजे जगेपर्यंत पाळावयाचा आहे. हा निश्चय करणारा मनुष्य ज्या शहरात राहत होता तेथे धर्मसुधारक झ्विंग्लीच्या प्रभावाने १५२४ साली चर्चमधील मूर्ती आणि चित्रे काढून टाकली गेली होती, तीर्थयात्रांना अर्थ उरला नव्हता, आणि गेस्नरचे वडील १५३१ साली काप्पेलच्या लढाईत, ज्या लढाईत खुद्द झ्विंग्लीही पडला, त्याच्याच पक्षाकडून लढताना मारले गेले होते. गेस्नरने जाणूनबुजून यात्रेच्या जागी पर्वत बसवला असे म्हणणे त्याच्यावर नसता हेतू लादल्यासारखे होईल. परंतु ज्या धर्मपंथाने पवित्र स्थळ ही कल्पनाच नाकारली, त्यातील एका श्रद्धावान माणसाला दरवर्षी घराबाहेर पडून उंचावर जाण्याची गरज भासली आणि ती त्याने ईश्वराचे नाव घेऊन शब्दबद्ध केली, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

ख्रिस्ती विचारात या गरजेविषयी जुना संशयही आहे. इटालियन कवी पेट्रार्क १३३६ साली फ्रान्समधील व्हाँतू पर्वतावर चढला, शिखरावर त्याने संत ऑगस्टीनचे आत्मकथन उघडले, आणि माणसे उंच पर्वतांचे कौतुक करीत हिंडतात पण स्वतःच्या अंतरंगाकडे पाहत नाहीत या आशयाचा उतारा नेमका समोर आल्याने तो ओशाळून खाली उतरला, असे त्याने स्वतः लिहून ठेवले आहे. आक्षेप वजनदार आहे: पर्वत हे जर ईश्वराचे कार्य असेल, तर कार्यात गुंतून कर्त्याला विसरण्याचा धोका तेथेच सर्वांत मोठा. मात्र हा आक्षेप एकट्या साधकाला उद्देशून आहे. समाजाने मिळून, मुलांना हाताशी धरून, दरवर्षी केलेल्या पर्वतारोहणाला तो पुरता लागू पडत नाही. कारण तेथे पर्वताचे कौतुक हा हेतू गौण असतो आणि एकमेकांना बांधून ठेवणे हा मुख्य असतो.

देशांतर केलेल्या स्विस माणसाच्या बाबतीत या बांधून ठेवण्यामागे आणखी एक कारण आहे, आणि त्याचा इतिहास वैद्यकाच्या ग्रंथांतून जातो. घरच्या ओढीने येणाऱ्या आजाराला वैद्यकीय विकार मानून त्यावर पहिला प्रबंध योहानेस होफर या तरुण विद्यार्थ्याने १६८८ साली बाझेल येथे सादर केला, आणि पुढे दीर्घकाळ हा विकार मुख्यतः स्विस लोकांचा, विशेषतः परदेशी सैन्यांत भाडोत्री म्हणून लढणाऱ्या स्विस शिपायांचा मानला गेला. १८व्या शतकाच्या आरंभी झुरिकच्या योहान याकोब शॉइख्सर याने त्याची मीमांसा हवेच्या दाबावरून केली. उंचावरच्या विरळ हवेत वाढलेले शरीर सखल प्रदेशातील जड हवेखाली दाबले जाते, म्हणून रोग्याला मायदेशी पाठवता येत नसेल तर निदान एखाद्या टेकडीवर किंवा उंच मनोऱ्यात ठेवावे, असा त्याचा उपाय होता. त्याची कारणमीमांसा आज कोणी मानणार नाही, तरी उपायाकडे दुर्लक्ष करू नये, कारण मूळ पर्वत नसेल तर दुसरी उंच जागा चालते हा विचार येथे प्रथमच औषध म्हणून मांडलेला दिसतो. पुढे रूसोने १७६८च्या आपल्या संगीतकोशात स्विस गुराख्यांच्या गाण्याविषयी लिहिले की ते ऐकताच शिपाई रडू लागत, पळून जात किंवा झुरून मरत, म्हणून स्विस पलटणींत ते वाजवण्यास मृत्युदंडाच्या धाकाने बंदी होती. त्याने जोडलेले निरीक्षण या हकिकतीपेक्षा अधिक मोलाचे आहे: परक्यावर त्या सुरांचा असा परिणाम होत नाही, म्हणजे सामर्थ्य सुरांत नसून ऐकणाऱ्याच्या स्मृतीत आहे. कांटने १७९८ साली हा धागा आणखी पुढे नेला. घरी परतलेला स्विस माणूस निराश होतो आणि त्या निराशेनेच बरा होतो, असे त्याचे म्हणणे होते. आपले गाव बदलले असे त्याला वाटते, प्रत्यक्षात तेथे घालवलेले तारुण्य त्याला परत मिळालेले नसते.

रूसो आणि कांट यांचे म्हणणे खरे धरले तर पर्वतसहलीचे दोन्ही बाजूंनी अवघड होते. स्मृतीच सर्व काही असेल तर पर्वताची गरज नाही, आणि मूळ पर्वतावर जाऊनही हवे ते मिळत नसेल तर दुसऱ्या पर्वतावर जाऊन काय साधणार? या कोंडीतून वाट काढण्यासाठी युरोपीय विचारापेक्षा पूर्वमीमांसा अधिक उपयोगी ठरते, कारण साधन हाताशी नसताना कर्म कसे करावे हा प्रश्न तिने जितक्या बारकाईने हाताळला आहे तितका क्वचितच कोणी हाताळला असेल. जैमिनीच्या सूत्रांच्या सहाव्या अध्यायातील तिसऱ्या पादात कर्मांचा भेद प्रथम लक्षात घेतला जातो. काम्य कर्म म्हणजे विशिष्ट फळाच्या इच्छेने केलेले कर्म. ते सर्व अंगांसह यथासांग झाले तरच फळ देते, म्हणून अंगे जमत नसतील तर ते हाती घेऊ नये. नित्य कर्म म्हणजे फळाच्या अपेक्षेविना, काळ आला म्हणून करावयाचे कर्म. ते टाळता येत नाही, म्हणून एखादे अंग उणे पडले तरी यथाशक्ती करावेच लागते. येथेच प्रतिनिधी, म्हणजे मूळ द्रव्याच्या जागी घ्यावयाचे दुसरे द्रव्य, शिरकाव करतो: व्रीही म्हणजे भाताचे दाणे नसतील तर नीवार म्हणजे रानभात, सोम नसेल तर पूतिका नावाची वेल. प्रतिनिधी मनाला येईल तो घेऊन चालत नाही. तो मुळाशी सदृश असावा लागतो.

या कसोटीवर तपासले असता हौशी पर्यटकाची स्कीयात्रा काम्य ठरते; बर्फ चांगले नसेल तर तो दुसरीकडे जातो किंवा जातच नाही, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही. परदेशस्थ समाजाची सहल मात्र नित्य आहे. बर्फ कमी पडले, पाऊस लागला, मंडळी थोडीच जमली, तरी ती व्हावी लागते, कारण ती कोणत्या फळासाठी नसून वर्ष फिरून आले म्हणून करावयाची असते. मराठी वाचकाला हा भेद ग्रंथांतून शिकावा लागत नाही; पंढरीची वारी करणारा वारकरी नवस फेडायला आलेल्या भाविकाहून कसा वेगळा, हे त्याला ठाऊक असते, आणि वारीला जाणे शक्य नसलेल्यांसाठी गावोगावी प्रतिपंढरपुरे उभी राहिली तीही याच न्यायाने. सहल नित्य ठरली की प्रतिनिधीचा मार्ग आपोआप मोकळा होतो, आणि आल्प्सच्या जागी न्यूझीलंडच्या उत्तर बेटावरील रुआपेहू किंवा तारानाकी पर्वत घेणे शास्त्रार्थाला धरून होते. सादृश्यही आहे: २७९७ मीटर उंचीचे रुआपेहू आणि २५१८ मीटर उंचीचे तारानाकी दोन्ही ज्वालामुखी असले, आल्प्ससारखे घडीचे पर्वत नसले, तरी हिवाळी हिम, उतारावरचे रान आणि पायथ्याशी चरणाऱ्या गाई हे चित्र स्विस डोळ्यांना परके वाटत नाही.

तरीसुद्धा मनानेच काम भागत असेल तर प्रतिनिधी तरी कशाला, हा आक्षेप उरतोच, आणि तो भारतीय परंपरेतही आहे. शतपथ ब्राह्मणात जनक याज्ञवल्क्याला विचारतो की अग्निहोत्राला दूध नसेल तर कशाने हवन करशील, आणि एकेक द्रव्य नाकारले जात तांदूळ, जव, रानातल्या वनस्पती, पाणी असे करीत उत्तर शेवटी श्रद्धेत केलेल्या सत्याच्या हवनापर्यंत येऊन पोचते. त्याच्याच लगत परगावी राहणाऱ्या अग्निहोत्र्याचा प्रश्न येतो: घरापासून दूर असताना त्याचा आपल्या अग्नीशी संबंध अखंड कसा राहतो? तेथे वेगवान मनाचा दाखला दिला आहे. पाचव्या स्वित्झर्लंडचा प्रश्न याहून नेमक्या शब्दांत क्वचितच कोणी विचारला असेल, आणि स्वतः परदेशी गेलेल्या पहिल्या पिढीसाठी हे उत्तर पुरेसेही आहे. पुढच्या पिढ्यांसाठी ते पुरत नाही. ज्या मुलीने आल्प्स पाहिलेच नाहीत तिचे मन कोठे धाव घेणार? रूसोने सांगितलेली स्मृती तिच्यापाशी नाही. म्हणून जैमिनीचा दुसरा नियम येथे अधिक खरा ठरतो: द्रव्याला प्रतिनिधी चालतो, पण देवता, अग्नी, मंत्र आणि प्रत्यक्ष क्रिया यांना प्रतिनिधी नाही, आणि यजमानालाही नाही. चालणे दुसऱ्याकडून करवून घेता येत नाही. थंडीत बोटे बधिर होणे, पडून उठणे, एका भांड्याभोवती खांद्याला खांदा लावून बसणे, यांऐवजी दुसरे काही ठेवता येत नाही. आजीसाठी जे स्मरण आहे, तेच नातीसाठी संस्कार आहे, आणि संस्कार क्रियेतूनच होतो.

कृतीने स्थळ पवित्र होते याचा स्विस दाखला आल्प्सच्या कॅथलिक भागांत आजही ऐकू येतो. उन्हाळ्यात गुरे घेऊन उंच कुरणांवर राहणारा गुराखी संध्याकाळी निवाऱ्यापासून थोडा दूर उभा राहतो, दूध गाळण्याचे लाकडी नरसाळे तोंडाशी धरतो, आणि ईश्वराचे, मेरीचे व संतांचे नाव घेत आळवणी म्हणतो. ती बोलणे आणि गाणे यांच्या मधल्या सुरात असते. श्रद्धा अशी की हा आवाज जेथवर पोचतो तेथवरची गुरे, माणसे आणि झोपड्या त्या रात्री सुरक्षित राहतात. म्हणजे पावित्र्याची हद्द कड्याने किंवा ओढ्याने आखलेली नसून एका माणसाच्या श्वासाने आखलेली असते, धुके दाटले किंवा वारा फिरला की ती आक्रसते, आणि दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा आखावी लागते.

येथवरचा विचार परदेशस्थांना दिलासा देणारा आहे, आणि तो येथेच थांबवला तर मोठा अन्याय होईल. पर्वत हे द्रव्य आहे आणि म्हणून त्याला प्रतिनिधी चालतो, असे गृहीत धरून हे सर्व विवेचन झाले. सुधारणावादी ख्रिस्ती माणसासाठी ते गृहीतक बरोबरच आहे, कारण त्याच्या मते ईश्वर पर्वताहून वेगळा आहे. पण ज्या पर्वताला प्रतिनिधी म्हणून उभे केले तो कोणाच्या लेखी देवताच असेल तर?

माओरी समाजात पर्वत हा पूर्वज आहे, आणि हे विधान त्यांच्याकडे अलंकार म्हणून केले जात नाही. औपचारिक प्रसंगी स्वतःची ओळख सांगताना माओरी माणूस आधी आपला पर्वत सांगतो, मग नदी, मग पूर्वजांना आणणारी होडी, आणि स्वतःचे नाव शेवटी. तारानाकीची त्यांच्यातील कथा अशी की तो मुळात बेटाच्या मध्यभागी टोंगारिरो, रुआपेहू आदी पर्वतांच्या शेजारी होता. पिहांगा नावाच्या सुंदर पर्वतिणीवरून टोंगारिरोशी त्याचे युद्ध झाले, हरल्यावर तो पश्चिमेकडे निघून गेला, त्याच्या वाटेने जमीन चिरली गेली तीच फांगानुई नदी, आणि त्याच्या माथ्यावर जमणारे धुके म्हणजे पिहांगेसाठी ढाळलेले अश्रू. भारतीय पुराणांतील पर्वतांना इंद्राने पंख छाटीपर्यंत उडता येत होते, पण त्यांच्या स्थिर होण्यात शिक्षा आहे, ओढ नाही. तारानाकी मात्र स्वतःच देशांतर केलेला, माघारी पाहणारा पर्वत आहे. घरच्या ओढीला विकाराचे नाव देणाऱ्या देशातली माणसे नेमकी अशा पर्वताच्या पायथ्याशी येऊन वसली, हा योगायोग मन हेलावून टाकणारा आहे.

तो योगायोग निष्पाप मात्र नव्हता. तारानाकीची भूमी वसाहतीच्या सरकारने १८६५ साली जप्त केली. पुढे पारिहाका या गावी ते फीती आणि तोहू काकाही यांच्या नेतृत्वाखाली माओरींनी जप्त जमिनी नांगरून आणि कुंपणे घालून निःशस्त्र प्रतिकार उभारला, आणि ५ नोव्हेंबर १८८१ रोजी सुमारे १६०० सशस्त्र माणसांनी ते गाव ताब्यात घेतले. त्याच वर्षी तारानाकीच्या शिखरापासून ६ मैल त्रिज्येचे वर्तुळ राखीव वन म्हणून आखले गेले. आकाशातून पाहिले तर आजही आत गर्द हिरवे रान आणि बाहेर फिकी कुरणे अशी त्या वर्तुळाची कड कोरल्यासारखी स्पष्ट दिसते. त्या कडेबाहेरच्या प्रदेशात स्विस शेतकऱ्यांनी गाई पाळल्या. त्यांनी स्वतः कोणाला हुसकावले नव्हते, ते गरिबीतून आलेले कष्टाळू लोक होते. तथापि जप्तीच्या फळावर त्यांचा संसार उभा राहिला हे नाकारता येत नाही, आणि ज्या कर्माचे द्रव्य असे मिळालेले असेल त्याच्या शुद्धीचा विचार कोणत्याही धर्मशास्त्राला टाळता येणार नाही.

टोंगारिरोची हकिकत वेगळी, पण तितकीच बोधक आहे. तेथील न्गाती तूफारेतोआ जमातीचे प्रमुख ते हेउहेउ तूकिनो चौथे यांनी, जमिनीच्या न्यायालयात पर्वतांचे तुकडे पडून ते विकले जातील या भीतीने, १८८७ साली शिखरे ब्रिटिश राजसत्तेच्या स्वाधीन केली आणि त्यातून न्यूझीलंडचे पहिले राष्ट्रीय उद्यान निर्माण झाले. राजसत्तेने हे दान समजले. माओरींच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या वायतांगी न्यायाधिकरणाने मात्र पुढे असा निष्कर्ष काढला की प्रमुखाच्या मनात संयुक्त पालकत्व होते. दान दिल्यावर दात्याचे स्वत्व संपते, न्यासात संपत नाही, हा भेद न कळल्यामुळे एका पूर्वजाच्या अंगावर स्कीच्या सोयी उभ्या राहिल्या. १९९३ साली सांस्कृतिक भूदृश्य या नव्या निकषाखाली जागतिक वारसा यादीत नोंदले गेलेले टोंगारिरो हे जगातील पहिले स्थळ ठरले, आणि ३० जानेवारी २०२५ रोजी न्यूझीलंडच्या संसदेने तारानाकी व त्याच्या सोबतच्या शिखरांना कायद्याने व्यक्ती मानणारा कायदा संमत केला. भारतीय न्यायालयांत देवता ही विधिमान्य व्यक्ती असते, तिच्या नावे जमीन असू शकते, हे ठाऊक असलेल्या वाचकाला त्यात नवल वाटू नये.

मग स्विस मंडळींनी सहल बंद करावी काय? तसा निष्कर्ष निघत नाही, आणि माओरींनीही पर्वत कोणाला बंद केलेला नाही. तारानाकीच्या जमातींची विनंती मर्यादित आहे: अगदी माथ्यावरच्या खडकावर पाय ठेवू नये, तेथे मुक्काम करू नये, अन्न शिजवू नये. ही मर्यादा पाळायला स्विस माणसाला स्वतःच्या परंपरेबाहेर जावे लागत नाही. लुत्सेर्नजवळच्या पिलाटुस पर्वतावरील तळ्यात, येशूला क्रुसावर चढवणाऱ्या पाँटियस पायलटचे प्रेत पडले आहे आणि कोणी त्याला डिवचले की वादळ उठते, अशा समजुतीने शहराच्या अधिकाऱ्यांनी त्या पर्वतावर जाण्यास शतकानुशतके बंदी घातली होती. १३८७ साली वर जाऊ पाहणाऱ्या सहा धर्मगुरूंना शिक्षा झाली होती. दरवर्षी पर्वत चढण्याचा नेम करणारा गेस्नर १५५५ साली पिलाटुसवर गेला तोसुद्धा शहराची परवानगी घेऊन. भूतकथेवर त्याचा विश्वास नव्हता, तरी ज्यांचा तो पर्वत होता त्यांना विचारल्यावाचून तो गेला नाही. त्या बंदीमागे भीती होती, तारानाकीच्या मर्यादेमागे नाते आहे, आणि नात्यापोटी आलेली मर्यादा भीतीपोटी आलेल्या मर्यादेपेक्षा मोडण्यास अधिक कठीण असावी. हा विचार एकट्या स्विसांपुरता नाही. न्यूझीलंडमधील मराठी कुटुंबांना गणेशविसर्जनासाठी पाणी निवडताना, प्रत्येक जलाशयात जीवनशक्ती मानणाऱ्या समाजाच्या भूमीत आपण आहोत, हे ध्यानात घ्यावे लागते, आणि संकल्पात देश-काळाचा उच्चार करण्याची आपली रीत त्यांना त्यासाठी उपयोगी पडते. महाराष्ट्रातील संकल्पात आपण गोदावरीच्या कोणत्या तीरावर आहोत हे सांगावे लागते. द्रव्य बदलले तर चालते, पण उभे राहण्याची जागा खोटी सांगून चालत नाही. परदेशातल्या टेकड्यांना आणि शिखरांना ‘अमुकचे स्वित्झर्लंड’ म्हणण्याची जी हौस जगभर पसरली, तिच्यात हाच दोष आहे. कॅप्टन कुकने १७७० साली दिलेले एग्मंट हे नाव आता या पर्वतावरून उतरले आहे, आणि सहलीच्या पत्रकावर तारानाकी असेच छापणे हा त्या कर्माचाच भाग मानावा लागेल.

मूळ द्रव्य घरी सुरक्षित आहे, प्रतिनिधी तेवढा परदेशात लागतो, अशी समजूतही आता टिकणारी नाही. स्वित्झर्लंडच्या हिमनद्यांनी २०२२ आणि २०२३ या दोनच वर्षांत आपल्या घनफळाचा सुमारे दहावा हिस्सा गमावला. वालिस प्रांतातील फीश आणि फीशरटाल या गावांनी १६७८ साली नवस केला होता की वाढत येणाऱ्या आलेच हिमनदीने आपली शेते आणि घरे गिळू नयेत म्हणून आपण सदाचारी राहू आणि प्रार्थना करू. पुढे १८६२पासून त्यासाठी वार्षिक मिरवणूकही निघू लागली. हिमनदी भराभर आटू लागल्यावर गावकऱ्यांना कळून चुकले की आपली प्रार्थना आता आपल्याच पाण्याच्या मुळावर येते आहे. नवस मोडता येत नव्हता. म्हणून त्यांनी रोमला विनंती केली, आणि २०१०मध्ये पोपच्या अनुमतीने हिमनदी मागे हटू नये अशी प्रार्थना रूढ झाली. यात्रा तीच, वाट तीच, गुडघे टेकण्याचा दिवसही वर्षाकाठी ठरलेलाच. याचनेचा रोख मात्र नेमका उलटा झाला. नित्यकर्म अखंड ठेवून त्याचे शब्द दुरुस्त करण्याचे इतके प्रामाणिक उदाहरण धर्मेतिहासात विरळा आहे. मीमांसक मंत्राला प्रतिनिधी मानत नाहीत, आणि येथे तर मंत्रच बदलला. पण तो यजमानांनी मनाला येईल तसा बदलला नाही, अधिकार असणाऱ्याला विचारून बदलला. परदेशस्थ समाजालाही हीच पद्धत लागू पडते, फरक एवढाच की तारानाकीच्या उतारावर विचारायचे ते रोमला किंवा बर्नला नसून पर्वताच्या वंशजांना. माथ्याच्या काही पावले खाली थांबण्याचे अंग गेस्नरच्या १५४१च्या निश्चयात नव्हते, आणि ते त्यात आज घालता येते. तिसऱ्या पिढीतील मुलीला तेथे थांबवून, का थांबायचे हे माओरी कथेसह सांगितले गेले, तर तिच्या पासपोर्टावरील खेड्याशी तिचे नाते उणे होत नाही, आणि ज्या पर्वतावर तिची स्वतःची पहिली स्मृती घडते आहे त्याच्याशी तिचे नाते चोरीचे राहत नाही.